गाळाच्या घरी जाऊन पाहणारा शास्त्रज्ञ

ओहोटी लागलेल्या खाडीच्या काठाने जाताना माणसाचा हात नकळत नाकाकडे जातो. पायाखालचा काळा चिखल, त्यातून मधूनच येणारे बुडबुडे आणि कुजक्या अंड्यांसारखा तो उग्र वास यांना आपण घाण या एकाच शब्दात गुंडाळतो आणि पावले उचलतो. परंतु हा वास केवळ कुजण्याची खूण नाही. पृथ्वीच्या पाठीवर अब्जावधी वर्षे चाललेल्या एका प्रचंड व्यवहाराची ती वर्दी आहे. समुद्रतळाच्या गाळात गंधक अहोरात्र रूपे पालटीत असते आणि त्याला ही रूपे पालटावयास लावणारे सूक्ष्म जीव या व्यवहाराचे खरे कारभारी असतात. त्या कारभाराचे एक दार ज्यांनी प्रथम उघडले, त्या सेर्गेई निकोलायेविच विनोग्राद्स्की यांचे नाव पाश्चर किंवा कॉख यांच्या नावांइतके आपल्या कानांवरून गेलेले नाही. याचे कारण उघड आहे. माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंची भीती आपल्याला लवकर समजते. पृथ्वीला जिवंत ठेवणाऱ्या जंतूंचे ऋण मात्र उशिरा उमगते.

विनोग्राद्स्की यांचा जन्म १८५६ साली कीव्ह येथे एका संपन्न घराण्यात झाला. घरी पैशाची ददात नव्हती आणि बुद्धीचीही नव्हती. उणीव होती ती मन रमेल अशा विषयाची. कीव्ह विद्यापीठात त्यांनी प्रथम कायद्याच्या वर्गात नाव घातले, तेथून ते विज्ञानाकडे वळले आणि थोड्याच दिवसांत त्यालाही कंटाळले. मग त्यांनी सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात जाऊन थिओडोर लेशेटिट्स्की यांच्यासारख्या नामवंत गुरूजवळ पियानोचे शिक्षण घेतले. हात चांगला होता, परंतु बुद्धीची भूक तेथेही भागेना. अखेर १८७७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते पीटर्सबर्ग विद्यापीठात पुन्हा विज्ञानाचे विद्यार्थी झाले. आपल्याकडे मुलाने दोन वेळा अभ्यासक्रम बदलला की घरात सुतक पडल्यासारखे होते. ज्याने तीन दारे ठोठावून चौथ्या दारात पाऊल टाकले, त्याच्याच हातून पुढे एका नव्या शास्त्रशाखेचा पाया घातला गेला, हे पालकांनी आणि विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८८५ साली विनोग्राद्स्की स्ट्रासबुर्गला गेले. हे शहर त्या काळी जर्मन साम्राज्यात होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आंटोन डी बारी यांच्या प्रयोगशाळेचा लौकिक युरोपभर पसरला होता. तेथे त्यांनी अभ्यासाला घेतला तो बेगियाटोआ नावाचा जिवाणू. गंधकयुक्त झऱ्यांत आणि सडक्या गाळावर या जिवाणूच्या धाग्यांचा पांढरा थर पसरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता त्या धाग्यांच्या पोटात गंधकाचे चकाकणारे कण दिसतात. दुर्गंधीयुक्त हायड्रोजन सल्फाइड वायू हे धागेच निर्माण करतात, असा त्या काळी जाणत्यांचा समज होता. जेथे वास तेथे हे धागे, तेव्हा वासाचे कर्ते तेच, असा तो सरळ तर्क. सरळ तर्क पुष्कळदा चुकतो तो असाच. आग लागली की बंब तेथे हजर असतो. म्हणून बंबानेच आग लावली असे कोणी म्हणत नाही.

विनोग्राद्स्की यांनी या जिवाणूला प्रचलित रीतीप्रमाणे मांसरसाच्या पौष्टिक द्रावणात वाढविण्याचा आग्रह धरला नाही. तशा पक्वान्नात तो जगतही नसे. त्यांनी काचपट्टीवर एका थेंबात मोजके धागे ठेवले आणि हायड्रोजन सल्फाइड विरघळलेले पाणी त्यांना दिवसातून अनेक वेळा थेंबाथेंबाने पाजले. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाने चमच्याने पेज भरवावी, तसा हा प्रकार होता. सल्फाइड मिळाले की धाग्यांत गंधकाचे कण साठत. ते तोडले की कण हळूहळू नाहीसे होत आणि पाण्यात सल्फेट उतरे. उपास लांबला की धागे मरून जात. निष्कर्ष समजुतीच्या अगदी उलट निघाला. हा जीव दुर्गंधी निर्माण करीत नव्हता. तो ती खाऊन जगत होता. आपण अन्न पचवून जी शक्ती मिळवितो, ती हा जीव सल्फाइडचे प्राणवायूशी संयोजन करून मिळवीत होता. १८८७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. सूर्यप्रकाशावाचून आणि दुसऱ्या जिवाच्या देहावाचून, केवळ खनिज द्रव्यांच्या ज्वलनावर जीवन चालू शकते, या कल्पनेचा उदय येथे झाला.

डी बारी १८८८ च्या आरंभी वारले. विनोग्राद्स्की झुरिचला गेले आणि तेथे त्यांनी या कल्पनेला अधिक भक्कम आधार मिळवून दिला. जमिनीतील अमोनियाचे नायट्रेट होते ते सूक्ष्म जीवांमुळे, एवढे १८७७ पासून ठाऊक होते; परंतु ते जीव कोणाच्या हाती लागत नव्हते. जो तो त्यांना जिलेटिनच्या मेजवानीला बोलावी आणि ते येत नसत. विनोग्राद्स्की यांनी सेंद्रिय अन्नाचा कणही नसलेले द्रावण सिद्ध केले आणि पुढे जिलेटिनऐवजी सिलिकाचा घट्ट थर वापरला. १८९० साली ते जीव हाती आले. हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून ते आपला देह घडवितात आणि त्यासाठी लागणारी शक्ती अमोनियाच्या ज्वलनातून मिळवितात, हे त्यांनी मोजून दाखविले. हिरव्या पानाची मक्तेदारी त्या दिवशी संपली.

पुढचे आयुष्य मात्र सरळ रेषेत गेले नाही. १८९१ साली ते सेंट पीटर्सबर्गच्या नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत आले, हवेतील नत्र बांधून ठेवणारा एक जिवाणू त्यांनी शोधला, संस्थेचे संचालकपदही त्यांच्याकडे आले. परंतु प्रकृती ढासळली आणि १९०५ साली त्यांनी पद सोडून युक्रेनमधील आपल्या जमिनीची वाट धरली. शेती, जंगल आणि कुटुंब यांत दीड दशक गेले. मग क्रांती आली, यादवी आली. जमीनजुमला गेला, घर गेले आणि वयाची साठी उलटलेला हा गृहस्थ निर्वासित म्हणून मायभूमीबाहेर पडला. १९२१ साली बेलग्रेडमध्ये अध्यापकाची जागा मिळाली. १९२२ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेचे प्रमुख एमिल रू यांचे निमंत्रण आले आणि पॅरिसजवळच्या ब्री-काँत-रोबेर या लहानशा गावी मृदेतील जिवाणूंच्या अभ्यासाचा विभाग त्यांनी उभा केला. ज्या वयात आपल्याकडचा माणूस निवृत्तिवेतनाचे कागद नीट लावून ठेवतो, त्या वयात त्यांनी सतरा वर्षांपूर्वी खाली ठेवलेले सूत्र पुन्हा उचलले.

इतक्या वर्षांच्या अंतराने परतलेल्या माणसाची नजर पाहुण्यासारखी ताजी असते. आपल्या पाठीमागे जिवाणुशास्त्र कोठे जाऊन पोहोचले आहे हे पाहून त्यांना समाधान वाटले नाही. प्रयोगशाळांतून मातीतील जिवाणू वेगळे काढावयाचे, त्यांना भरपूर अन्नावर वर्षानुवर्षे पोसावयाचे आणि मग त्यांच्या वागणुकीवरून मातीतील व्यवहाराचे अनुमान बांधावयाचे, अशी रीत रूढ झाली होती. विनोग्राद्स्की यांचा आक्षेप मूलगामी होता. पिंजऱ्यात पोसलेल्या वाघावरून रानातल्या वाघाची शिकार कळत नाही, तसेच हे आहे. बाटलीतला जिवाणू आपल्याला सांगतो तो काय करू शकतो. मातीत तो प्रत्यक्ष काय करतो, ही गोष्ट निराळी. म्हणून त्यांनी माती आहे तशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. सहज मिळणारे अन्न पडले की काही जिवाणू जत्रेला माणसे जमावीत तसे एकदम वाढतात आणि अन्न संपले की ओसरतात. इतर काही गावच्या मूळ रहिवाशांप्रमाणे थोडक्यात, संथपणे, बारमाही नांदत असतात. प्रयोगशाळेतील पोषक द्रावण जत्रेकऱ्यांची गर्दी दाखवते, रहिवासी मात्र त्याच्या नजरेतून सुटतात. हा भेद त्यांनी १९२० नंतरच्या दशकात मांडला.

मान्यता उशिरा का होईना, मिळाली. १९३५ साली नेदरलँड्सच्या विज्ञान अकादमीचे लेव्हेनहुक पदक त्यांना लाभले. १९४९ साली, वयाची ब्याण्णव वर्षे पुरी झाल्यावर, पन्नास वर्षांच्या संशोधनाचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला. २४ फेब्रुवारी १९५३ रोजी त्यांनी ब्री-काँत-रोबेर येथेच देह ठेवला. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या जिवाणूपासून निघाले, त्या सेलमन वाक्समन यांनी त्याच वर्षी विनोग्राद्स्की यांचे चरित्र लिहून हे ऋण मान्य केले.

चरित्र येथे संपते. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न संपत नाही. समुद्रतळाच्या गाळात त्या प्रश्नाची खरी कसोटी लागावयाची होती. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे पावणेतीन ग्रॅम सल्फेट असते. किनाऱ्याजवळच्या गाळात वरच्या काही मिलिमीटरांतच प्राणवायू संपतो. त्याखालचे जिवाणू प्राणवायूच्या जागी सल्फेट वापरून श्वास घेतात, असे म्हणता येईल. या श्वासाचा उच्छ्वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. अशा जिवाणूचा शोध डेल्फ्ट येथे मार्टिनुस बायरिंक यांनी १८९५ साली लावला होता. तयार झालेले काही सल्फाइड लोहाशी संयोग पावून गाळाला काळा रंग देते आणि कालांतराने पायराइट या खनिजाच्या रूपाने पुरले जाते. उरलेले बहुतांश वर येता येता पुन्हा सल्फेट होते आणि त्या कामात विनोग्राद्स्की यांच्या धाग्यांचा आणि त्यांच्या भाऊबंदांचा मोठा वाटा असतो.

येथे अडचण अशी की ही उलाढाल साध्या रासायनिक पृथक्करणात दिसत नाही. कचेरीत हिशेब पाहणाऱ्या वाचकाला हे चटकन पटेल. खात्यावरची शिल्लक पाहून वर्षभराची उलाढाल कळत नाही. सकाळी लाख रुपये जमा होऊन संध्याकाळी तेवढेच गेले, तर शिल्लक कालच्याइतकीच दिसते. गाळातले सल्फाइड असेच येते आणि जाते. तेव्हा एखाद्या नोटेवर खूण करून ती कोठून कोठे गेली याचा माग काढावा, तसे काही तरी करणे आवश्यक होते. ती खूण समस्थानिकांनी पुरविली. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याची वजनाने भिन्न भावंडे. गंधकाच्या अणूंपैकी सुमारे ९५ टक्के ३२ वजनाचे आणि सुमारे ४ टक्के ३४ वजनाचे असतात. याखेरीज ३५ वजनाचा किरणोत्सर्गी अणू कृत्रिम रीतीने तयार करता येतो. त्याची तीव्रता सुमारे ८७ दिवसांत निम्मी होते. खुणेची नोट ती हीच.

सोव्हिएत संघातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९५० नंतरच्या दशकात सरोवरांच्या गाळासाठी ही युक्ती योजिली, त्यांतील एम. व्ही. इवानोव ज्या मॉस्कोतील संस्थेचे पुढे संचालक झाले, ती आज विनोग्राद्स्की यांच्या नावाने ओळखली जाते. डेन्मार्कमधील बो बार्कर योर्गेनसेन यांनी लिमफ्योर्ड या खाडीच्या गाळात बारीक सुईने खुणेचे सल्फेट टोचले, काही काळ गाळ तसाच राहू दिला आणि त्यातले किती सल्फाइड झाले ते मोजले. १९७७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि हिशेब पाहून समुद्रशास्त्रज्ञ चकित झाले. किनारी गाळात जेवढा सेंद्रिय पदार्थ कुजतो, त्यातला जवळजवळ निम्मा सल्फेटाच्या श्वासावर कुजतो. ज्याला आडवाट मानले होते, तो हमरस्ता निघाला. त्याच वर्षी गालापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर, जेथे सूर्याचा किरण कधी पोहोचत नाही तेथे, उष्ण झऱ्यांभोवती सल्फाइडवर जगणाऱ्या जिवाणूंच्या आधाराने नांदणारी प्राण्यांची वसाहत सापडली. १८८७ चा तो काचपट्टीवरचा थेंब महासागराएवढा झाला.

स्थिर समस्थानिकांची कथा याहून उद्बोधक आहे. कॅनडातील हॅरी थोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले की निसर्गातील गंधकाच्या नमुन्यांत ३२ आणि ३४ यांचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. १९५१ साली त्यांनी या भेदामागे जिवाणूंचा हात असल्याचे प्रयोगाने सिद्ध केले. हलक्या अणूचा बंध तोडण्यास श्रम कमी, म्हणून जिवाणू हलके सल्फेट आधी उचलतो आणि त्याने केलेले सल्फाइड हलके निघते. हा फरक पायराइटमध्ये कायमचा नोंदला जातो. म्हणजे गाळ आपली रोजनिशी आपणच लिहितो आणि अब्जावधी वर्षांपूर्वीच्या खडकांतील तिची पाने वाचून प्राचीन समुद्रांचे रसायन अनुमानता येते.

परंतु ही रोजनिशी वाचताना एक कोडे पडले. प्रयोगशाळेत पोसलेल्या जिवाणूंकडून मिळणारा फरक दीर्घकाळ हजारी ४६ च्या पुढे जात नव्हता. समुद्राच्या गाळात मात्र तो हजारी ७० च्या घरातही आढळे. ही तफावत आली कोठून? १९९४ साली एक स्पष्टीकरण पुढे आले: गंधक वारंवार रूप पालटत असताना मधल्या टप्प्यावरचे दुसरे जिवाणू फरकात भर घालतात. ते खोटे नव्हते. परंतु २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी किनारी गाळातून काढलेला एकच जिवाणू सहज न पचणाऱ्या अन्नावर ठेवून संथपणे वाढविला, तेव्हा त्या एकट्यानेच हजारी ६६ इतका फरक घडवून आणला. याचा अर्थ असा की इतकी वर्षे जी मर्यादा निसर्गाची म्हणून मानली होती, ती पुष्कळ अंशी आपल्याच प्रयोगशाळेच्या भरल्या ताटाची मर्यादा होती. गाळातला जीव अर्धपोटी आणि संथ असतो. त्याला पंगतीत बसवून त्याच्या घरच्या रीतीचा अंदाज बांधणे चुकीचे होते. विनोग्राद्स्की यांनी घेतलेला आक्षेप याहून निराळा काय होता?

अर्थात त्यांचा प्रत्येक शब्द प्रमाण होता असे नाही. बेगियाटोआ त्यांना शुद्ध स्वरूपात वेगळा करता आला नव्हता. केवळ खनिजांवर तो आपला देह घडवू शकतो याचा निर्णायक पुरावा १९८३ साली एका सागरी वाणाच्या संवर्धनातून मिळाला, म्हणजे तब्बल ९६ वर्षांनी. आणि शुद्ध संवर्धनाचा मार्ग टाकाऊ नाही, हेही या साऱ्या इतिहासावरून दिसते. बाटली आणि गाळ यांनी एकमेकांची साक्ष तपासली, तेव्हाच कोडे सुटले. थोर माणसाची पूजा करताना त्याच्या तपासणीचा हक्क सोडावयाचा नसतो. विनोग्राद्स्की यांनीही तो आपल्या पूर्वसूरींच्या बाबतीत सोडला नव्हता.

हा विषय दूरदेशींचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचे प्राणवायुहीन पाणी वर सरकते. १९९९ साली गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना या उथळ किनारी समुद्राच्या तळालगतच्या पाण्यातच हायड्रोजन सल्फाइड आढळला. गाळात कोंडून राहावयाचा वायू पाण्यात आला, तर मासळीला तेथे थारा राहत नाही. नद्यांतून समुद्रात जाणारी खते आणि सांडपाणी यांनी शेवाळाचे अन्न वाढते, ते शेवाळ मरून तळाशी बसते आणि प्राणवायू अधिक खर्ची पडतो. गंधकाच्या चक्राची ही वही आपल्या कोळीवाड्यांच्या पोटापाण्याशी बांधलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

शाळांतून विज्ञान शिकविणाऱ्यांसाठी विनोग्राद्स्की यांनी एक फार स्वस्त वारसा ठेवला आहे. काचेची उंच बरणी घ्यावी, तळ्याचा किंवा खाडीचा चिखल, कागदाचे कपटे आणि जिप्समच्या खडूची पूड एकत्र कालवून तिच्यात भरावी, वर तेथलेच पाणी ओतावे आणि ती झाकून खिडकीच्या उजेडात ठेवावी. काही आठवड्यांत तळ काळा होतो, त्यावर हिरवे, जांभळे, तांबूस पट्टे उमटतात. प्रत्येक पट्ट्यात निराळे जीव, प्रत्येकाची गंधकाशी निराळी देवघेव. जगभर ही बरणी विनोग्राद्स्की यांच्या नावाने ओळखली जाते. तिला उपकरणांचे अनुदान लागत नाही. फळ्यावर लिहून उरलेल्या खडूच्या तुकड्यांचे सल्फेट तिला पुरते, आणि रोज पाहावयास येणारी काही मुले.